शेवटच्या पत्राचं दुसरं पान

आई, तुझे कागद मागच्या महिन्यात लिलावात विकले गेले. मी तिथे गेले नाही, घरी लॅपटॉपवर बघत बसले. आता लिलावाला कुणी जात नाही. टाय लावलेला एक माणूस कॅमेऱ्याकडे बघून बोलत असतो, समोरच्या खुर्च्या रिकाम्या असतात, आणि कुठून कुठून लोक आपापल्या घरी बसून बटणं दाबतात. तुला ते आवडलं नसतं. तुला खोली भरलेली लागायची. कोण खोकतंय, कोण बायकोकडे बघतंय, कुणाचा हात वर जाताना जड झालाय, हे बघायला तू जायचीस. समोरचा कधी मोडणार हे तुला त्याच्या आधी कळायचं. मी मराठीत लिहिते आहे, कारण इंग्रजीत बोललं की तुला ऐकू यायचं नाही. "काय म्हणालीस?" असं तू तोपर्यंत विचारत राहायचीस, जोपर्यंत मी तेच वाक्य धड मराठीत म्हणत नाही. आणि दिवसभर टेबलावर पसरलेलं असायचं ते सगळं इंग्रजी.

नोव्हाय गावातल्या आपल्या घराचं स्वयंपाकघर अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्याला स्वयंपाकघर म्हणणंसुद्धा चूकच, कारण तिथे फोडणी द्यायला बंदी होती. तेलाचा धूर कागदावर बसतो, म्हणून शेगडी गॅरेजमध्ये. बाबा कंपनीतून यायचे, बूट काढायचे नाहीत, कोट तसाच, आणि हिवाळ्यात गॅरेजचं दार थोडं वर करून उभ्याउभ्या वरणाला फोडणी द्यायचे. शेजारचा माणूस बर्फ ओढता ओढता त्यांना हात करायचा. आत तू बसलेली असायचीस. हॉस्पिटलात दिवसभर माणसांना भूल देऊन आलेली, हात कोपरापर्यंत धुतलेले, पुसलेले, समोर एखादं शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचं पत्र. शनिवारी-रविवारी आपण लिलावांना जायचो, ओहायो, इंडियाना, कधी पेनसिल्वेनियापर्यंत. जुनी पत्रकं, वर्तमानपत्रं, करारनामे, पण तुझा जीव होता तो अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या सैनिकांच्या पत्रांवर. सेनापतींच्या सह्या तुला नको असायच्या. साध्या शिपायांनी गुडघ्यावर कागद ठेवून पेन्सिलीने लिहिलेलं तुला हवं असायचं.

मी सातवीत होते तेव्हापासून तू मला शेजारी बसवायला लागलीस. माझी नजर चांगली होती, आणि शाळेत आम्हाला अजून ते अक्षराला अक्षर जोडून लिहायचं इंग्रजी वळण शिकवलं होतं. मी वाचायचे, तू ऐकायचीस, अडलं की तू वाकून बघायचीस आणि तुझा खांदा माझ्या खांद्याला लागायचा. एरवी तू कुणाला हात लावायची नाहीस. एकदा एका पोराचं पत्र होतं, पाय कापल्यानंतरचं. आता नांगर कोण धरेल असं त्याने वडिलांना विचारलं होतं. मी वाचता वाचता थांबले. तू माझ्याकडे न बघता कागद हळूच आपल्या बाजूला सरकवलास आणि म्हणालीस, "रडायचं असेल तर तिकडे सोफ्यावर जाऊन रड. पाणी पडेल." मी गेले, रडले, डोळे पुसून परत आले. तू म्हणालीस, "हात धू." आणि आपण पुढे वाचलं.

मंडळातल्या एका काकूंनी तुला विचारलं होतं, "हे सगळं आपल्याला कशाला गं? आपलं कोण आहे यात?" तू म्हणालीस, "कुणी नाही. म्हणून तर शांतपणे वाचता येतं." काकू हसल्या. तू गंमत करत नव्हतीस, हे मला तेव्हाही कळलं होतं. सांगलीहून आजी गेल्याचा फोन आला तेव्हा बाबा तिकिटं बघायला लागले. तू म्हणालीस, "कॅन्सल कर. आता कुणासाठी जायचं?" नंतर मामाचे फोन यायचे आणि तू ते बाबांकडे द्यायचीस. मी येणारच नाही, असं तू कधी म्हणाली नाहीस. तू नुसती गेली नाहीस.

ओहायोतला तो लिलाव मी नववीत असतानाचा. एका छोट्या गावाबाहेर, एका शेतघराच्या अंगणात. घरमालक मेला होता आणि त्याच्या दुसऱ्या बायकोने सगळं विकायला काढलं होतं. ट्रॅक्टर, कपाटं, रजया, आणि एका पत्र्याच्या डब्यात सैनिकाची पत्रं, त्याने आपल्या बहिणीला लिहिलेली. तापाने छावणीतच मेलेला पोरगा. डबा वर उचलला तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी हात वर केला. निळा स्वेटर, पायात शेतातले बूट. बोली जरा वर गेली आणि मग एकेक जण थांबला. गावातले लोक होते, त्यांना माहीत होतं. ती त्या सैनिकाच्या बहिणीची पणती होती, मेलेला मालक तिचा भाऊ. सगळं अंगण गप्प झालं. हातोडा पडायच्या आत तू पेन वर केलंस.

लिलाव करणारा माणूस थांबला. तुझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, ही घरची माणसं आहेत."

तू म्हणालीस, "आय नो." पेन खाली आलं नाही.

बाईंनी पुन्हा हात वर केला. पुन्हा केला. मागून कुणीतरी त्यांच्या कानात काही बोललं, त्यांनी मान हलवली आणि परत हात वर केला, या वेळी खांद्याच्या वर गेलाच नाही. तू त्यांच्याकडे बघत होतीस. तुझ्या चेहऱ्यावर राग नव्हता, आनंदही नव्हता. भूल दिल्यावर माणूस आकडे मोजता मोजता कुठे थांबतो हे बघत असशील तेव्हा तुझा चेहरा असाच होत असेल, असं मला वाटलं. मग त्या खाली बघायला लागल्या आणि डबा तुझा झाला. तू डबा घ्यायला पुढे गेलीस तेव्हा लोकांनी वाट दिली, जरा जास्तच.

गाडीपाशी त्या आल्या. म्हणाल्या, मला ती नकोत, तुम्ही घेतलीत ती तुमची. फक्त शेवटचं पत्र एकदा वाचू द्याल का, इथेच, गाडीच्या बॉनेटवर. मी डब्याचं झाकण धरून उभी होते. तू म्हणालीस, "ती तुमच्या घरात एवढी वर्षं होती. तेव्हा वाचायची होतीत."

त्या म्हणाल्या, "माझ्या भावाच्या घरात होती. मला त्या घरात येऊ देत नव्हते."

तू म्हणालीस, "सॉरी टु हिअर दॅट," आणि गाडीत बसलीस. त्यांनी एका चिठ्ठीवर पत्ता लिहून खिडकीतून आत दिला, मन बदललं तर कळवा म्हणाल्या. तू ती चिठ्ठी कपाच्या खाचेत ठेवलीस, उरलेल्या कॉफीवर. मी ती काढून खिशात घातली. हायवेला लागल्यावर मी म्हटलं, "आई, वाचू दिलं असतं तर काय झालं असतं?" तू लेन बदललीस आणि म्हणालीस, "त्यांना कागद नको होता. त्यांना माणूस हवा होता. तो विकायला नव्हता." मला हे वाक्य इतकी वर्षं पाठ आहे. वाईट हे की ते चांगलं वाक्य आहे.

ती पत्रं आपण पंधरवडाभर वाचली. पोरगा साधा होता. चिखल, बिस्किटं, बहिणीने पाठवलेला शर्ट, मित्राची खोड. शेवटचं पत्र दोन पानांचं. पहिल्या पानावर शर्ट मिळाला, ताप येतोय, काळजी करू नको. दुसऱ्या पानावर तो एकदम वेगळाच बोलायला लागतो. मला परत यायचं नाही. वाचलो तरी येणार नाही. त्या घरात माझं काही उरलेलं नाही, तुम्हा कुणाची आठवण येत नाही, माझी वाट बघू नका. खाली सही नाही. ते पान वाचून झालं तेव्हा तू मला म्हणालीस, "परत वाच." मी परत वाचलं. तू ते वेगळ्या प्लास्टिकमध्ये घातलंस आणि नंतर कितीदा तरी एकटीच ते काढून बसलेली मी तुला बघितलं आहे.

मी सगळी पत्रं वहीच्या कागदावर उतरवून काढली, त्या बाईंसाठी. तू हॉस्पिटलात असताना, हात धुऊन. शेवटच्या पत्राचं दुसरं पान आलं आणि माझ्याच्याने ते उतरवलं जाईना. निळ्या स्वेटरमधल्या बाईंना मी हे कसं पाठवणार? म्हणून मी दुसरं लिहिलं. त्याच्यासारख्या इंग्रजीत, त्याच्या चुकांसकट. मला घरी यायचं आहे. विहिरीपाशी जे सफरचंदाचं झाड आहे त्याला यंदा फळ धरलं का ते कळव. आणि पोस्टात टाकून आले.

त्यांचं कार्ड आलं ते तुझ्या हातात पडलं, कारण त्या दिवशी तू लवकर घरी आली होतीस. मी शाळेतून येते तर तू टेबलापाशी उभी आहेस, बाबा गॅरेजच्या दारात झारा घेऊन उभे आहेत, मोहरीचा वास आत येतोय आणि तू दार लावायला सांगत नाहीयेस. तू कार्ड मोठ्याने वाचतेस. शेवटचं पत्र आमच्या पाद्र्यांनी चर्चमध्ये वाचून दाखवलं. हॉलमध्ये त्याचा फोटो लावला. ते झाड मला लहानपणी बघितल्याचं आठवतं.

"सफरचंदाचं झाड," तू म्हणालीस. "कुठल्या पत्रात आहे ते? मला दाखव."

मी दप्तर खाली ठेवलं.

"तू लिहिलंस."

"हो."

बाबा म्हणाले, "जाऊ दे ना. म्हातारी बाई आहे, खूश झाली. काय बिघडलं?"

"खोटं आहे, ते बिघडलं," तू म्हणालीस. "तो माणूस काय म्हणाला होता ते त्याने लिहून ठेवलं आहे. आणि ही पोरगी त्याच्या तोंडात सफरचंद कोंबते."

दुसऱ्या दिवशी तू त्या दुसऱ्या पानाची झेरॉक्स काढून आणलीस. सोबत तुझ्या सुंदर अक्षरात दोन ओळी, की माझ्या मुलीने पाठवलेली प्रत चुकीची होती, अस्सल सोबत जोडली आहे. पाकीट माझ्यापुढे ठेवलंस. "पत्ता तू लिही. तुला पाठ असेल." मी लिहिला. पिनकोडातला एक आकडा चुकला, तर तू दुसरं पाकीट आणून दिलंस. बाईंचं परत काही आलं नाही. तू मला मारलं नाहीस, ओरडली नाहीस. संध्याकाळी मी नेहमीसारखी हात धुऊन टेबलाशी आले, तर माझी खुर्ची तिथे नव्हती. ती बेसमेंटमध्ये गेली होती. त्यानंतर तू मला एकही कागद दाखवला नाहीस, जाईपर्यंत नाही.

मी कोर्ट रिपोर्टर झाले ते बहुतेक त्यामुळेच. साक्षीदार बोलतात आणि मी शब्दन् शब्द टिपते. कुणी रडलं तर टिपायचं नसतं, शब्द नाही तो. एक बाई आपल्या मेलेल्या मुलाबद्दल बोलता बोलता चुकीचं क्रियापद वापरते, तर तेच क्रियापद जातं. माझ्या कामात आजवर कुणी चूक काढली नाही. तू शेवटच्या दिवसांत हॉस्पिसमध्ये होतीस, तेव्हा नोकरी लागल्याचं सांगायला मी आले होते. माझी पहिली नोकरी होती. तू डोळे मिटून ऐकलंस आणि म्हणालीस, "म्हणजे टायपिंग." तेच शेवटचं, निदान माझ्याशी बोललेलं.

तुझ्यामागे बाबांनी ती खोकी बेसमेंटमध्ये जपली. ओल धरू नये म्हणून मशीन चालू ठेवायचे, त्यातलं पाणी रोज बाहेर नेऊन ओतायचे. आणि फोडणी गॅरेजमध्येच. मी म्हणायचे, बाबा, आता आत करा ना, ते म्हणायचे, सवय झाली गं. गेल्या वर्षी तेही गेले. घर विकायला काढलं आणि मी एका लिलाव कंपनीला खोकी न्यायला सांगितलं.

काही आठवड्यांनी तिथून एका बाईंचा फोन आला. कॅटलॉग त्याच करतात. आवाजावरून तरुण वाटल्या. म्हणाल्या, ओहायोच्या सैनिकाच्या पत्रांबद्दल एक सांगायचं होतं. शेवटच्या पत्राचं दुसरं पान त्या पत्राचं नाही.

मी म्हटलं, "म्हणजे?"

"ते दुसऱ्या कुणाचं तरी आहे. कागद वेगळा आहे, कोपऱ्यात कागद बनवणाऱ्याचा दाबून उठवलेला शिक्का आहे, बाकी कुठल्याच पत्रावर तो नाही. घड्या जुळत नाहीत, हे पान तीनदा दुमडलंय आणि पहिलं पान चारदा. अक्षर लांबून सारखं दिसतं, दोन्ही पेन्सिलीत आहेत म्हणून. पण याचा डब्ल्यू बघा, पूर्ण वेगळा आहे. कुणीतरी कधीतरी एकत्र ठेवलं असणार. असं पुष्कळदा होतं." मग म्हणाल्या, "घड्या तर सगळ्यात आधी तपासतो आम्ही. तुमच्या आईचं बाकी सगळं इतकं नीट आहे, की मला आश्चर्य वाटलं."

मी फोन ठेवला आणि हसायला लागले. एकटीच, स्वयंपाकघरात, ओट्याला धरून. आई, तू चुकलीस. काकूंना, बाबांना, मला, लिलावातल्या पुरुषांना तू कधी चुकताना दिसली नाहीस, आणि ज्या एका कागदासाठी तू माझी खुर्ची उचललीस तो कागद त्या पोराचा नव्हताच. माझं सफरचंद खोटं होतं आणि तुझं अस्सलही खोटं होतं. दिवसभर मी हे मनात म्हणत होते. संध्याकाळी मात्र दुसरा विचार आला आणि तो गेला नाही. तुला घड्या दिसल्या नसतील, यावर माझा विश्वास बसत नाही. तू कागद उजेडात धरल्याशिवाय एक शब्द वाचायची नाहीस. एक तर तुला ते पान त्याचंच असायला हवं होतं, इतकं हवं होतं की तू बघितलंच नाहीस. कुणीतरी तुझ्याआधी लिहून ठेवलं होतं की मला परत यायचं नाही. नाहीतर तुला दिसलं होतं आणि तरी तू मला पाकीट दिलंस. यातलं काय खरं, ते आता तू सांगू शकत नाहीस आणि मला ठरवता येत नाही.

निळ्या स्वेटरमधल्या त्या बाईंना खरं कळायला हवं, असं मला वाटलं. त्या केव्हाच गेल्या होत्या. त्यांची मुलगी चिठ्ठीतल्या त्याच पत्त्यावर राहते, नंबर सापडला. मी कोण ते सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "तुमच्या आईचं पाकीट आलं तेव्हा मी तिथेच होते. आईनं ते उभ्याने वाचलं. दुसऱ्या रविवारी चर्चच्या हॉलमधला फोटो तिने स्वतः उतरवला. त्याचं नाव नंतर आमच्या घरात निघालं नाही. ती म्हणायची, आपण एवढी वर्षं अशा माणसाची कबर झाडत होतो, ज्याला आपण नको होतो."

मी म्हटलं, "ते पान त्याचं नव्हतं. पक्कं आहे. म्हणून मी फोन केला."

"बरं," त्या म्हणाल्या. "मग आता मी काय करू? तिला जाऊन सांगू?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुम्ही दोघी पण ना," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, दमलेला होता. "आधी तुम्ही एक पाठवलंत, मग तुमच्या आईनं एक, आता हे. आम्ही कुणी मागितलं नव्हतं. तिनं फक्त एकदा वाचू द्या म्हटलं होतं." आणि फोन बंद झाला.

मी सैनिकाची पत्रं त्यांना पैसे न घेता देऊ केली, ईमेल करून. उत्तर आलं नाही, तेव्हा लिलावात गेली. दक्षिणेतल्या कुणीतरी घेतली. ते सुटं पान काय करू, असं कॅटलॉगवाल्या बाईंनी विचारलं होतं. लेखक अज्ञात, एकट्याची किंमत फारशी येणार नाही, हवं तर घरी पाठवते म्हणाल्या. तुझ्या सगळ्या कागदांत तुला तेच प्रिय होतं, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, नको, फुटकळात टाका. तेव्हा ते जुन्या पावत्या, फाटकी पंचांगं आणि पत्रकांचे तुकडे यांच्याबरोबर एका खोक्यात गेलं. ते खोकं पडद्यावर आलं आणि मी पाणी प्यायला उठले, परत आले तोवर पुढचा लॉट लागला होता.

हे मी छापणार नाही, ठेवणारही नाही. फक्त वर एक वाक्य लिहिलंय ते तुझ्यापुढे तसंच राहू देणं बरं नाही. त्या बाईंच्या घरी खरं कळायला हवं म्हणून मी फोन केला, असं मी लिहिलं. तसं नव्हतं. त्यांचं काय होईल याचा मी नंबर लावताना विचारसुद्धा केला नव्हता. तू चुकलीस, हे मला कुणाला तरी मोठ्याने सांगायचं होतं, आणि ज्याला त्याचं काही वाटेल असं माणूस जगात त्या एका घरातच उरलं होतं.